‘पाहिले’ या रकान्यातली तुमची सही

७ नोव्हेंबर, शुक्रवार. तपासणी सकाळी सव्वानऊला, लिहायला बसले संध्याकाळी. कातळाच्या सड्यावरची धावपट्टी, रत्नागिरी.
हजर: मी, गेटवरचे रहाटे, आणि दोन आसनांचं विमान, नाक वायव्येला.
गैरहजर: इस्माईलभाई.

इस्माईलभाई, तुम्हाला जाऊन आज तेरावा दिवस. आमच्यात हा दिवस मोजतात, तुमच्यात चाळिसावा. मी सोमवार मोजते आहे. सोमवारी मुंबईहून इंजिनिअर येतोय. तो आधी रजिस्टर वाचणार, मग विमान बघणार. रजिस्टर पटलं तर दोन दिवसांत वैमानिक येऊन विमान उडवत घेऊन जाईल. नाही पटलं तर पंख सोडवून ट्रकवर चढवतील. त्या रजिस्टरात प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी ‘पाहिले’ या रकान्यात तुमची सही आहे. त्यातल्या कितीतरी सह्या तुम्हाला दिसत नसताना केलेल्या आहेत.

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. तोंडाने अजून कुणाशी बोललेले नाही. तुमच्याशीही बोलले नव्हते.

सोमवारी इंजिनिअरच्या हातात एक कागद द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. द्यायचा तर सगळं पहिल्यापासून आठवायला हवं, म्हणून तुमच्यासमोर मांडते. कुठे चुकलं तर नेहमीसारखं मध्येच तोडायला तुम्ही नाही, याची सवय व्हायची आहे.

प्रशिक्षण शाळेने इथली शाखा बंद केली तेव्हा शिकणारे गेले, टेबलखुर्च्या गेल्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा कुणीतरी काढून नेलं. विमान राहिलं, कारण त्याच्या कागदांची मुदत संपली होती आणि कागदांशिवाय ते उडू शकत नव्हतं. त्याच्याबरोबर आपण दोघं राहिलो. मी ऑफिस सांभाळणारी, तुम्ही विमान सांभाळणारे. मालक फोनवर म्हणाले, “मॅडम, सहा महिने बघा. आठवड्यातून दोनदा तपासणी, रजिस्टरात नोंद. विमान गेलं की तुम्ही मोकळ्या.” त्या सहा महिन्यांचे दोन पावसाळे झाले. मुलगी दर रविवारी पुण्याहून विचारते, “आई, कधी येतेस?” मी सांगते, विमान गेलं की. तिला वाटतं मी टाळते आहे. जिन्यावरच्या खोलीत सामान भरून ठेवलेल्या चार खोक्यांवर बसून मी जेवते, हे तिला माहीत नाही.

विमानाला हात कसा लावायचा हेही मला येत नव्हतं. दोघांनी मिळून ते पहिल्यांदा जागेवरून हलवलं, त्या दिवशी मी सरळ शेपटीच्या हलत्या पात्याला धरून ढकलायला लागले. तुम्ही पलीकडून ओरडलात, “गो बाय, गायीचा कान धरून तिला गोठ्यात नेतेस काय?”

“मग कुठे धरू?”

“जिथं हाड हाय तिथं धर. कातडं वढू नको.”

हाड कुठे, कातडं कुठे, हे तुम्ही माझा हात धरून एकेका जागी ठेवून दाखवलंत. पंखाखालच्या तिरक्या दांड्याचा बुंधा, तिथे जोर लावायचा. पंखाच्या मागच्या कडेला बोटही नाही. नाकाच्या चाकाला लोखंडी दांडा अडकवायचा आणि त्यानेच वळवायचं. पुढच्या पंख्याला कधीच हात लावायचा नाही, चावी आपल्या खिशात असली तरी नाही. “तो झोपलेला दिसतो,” तुम्ही म्हणालात, “पन झोपलेला आसंल ह्याची हमी कोन देनार? पंख दोन, पंखा येक. पंखांनी कोनाला मारलं नाय आजपावतो.” मी घरी जाऊन सगळं यादीत घेतलं. पुढच्या खेपेला छापून आणलेली यादी बघून तुम्ही रहाट्यांना म्हणालात, “हिला निकाह लावून दिला तर ही काजीला सांगेल, कलम तीन राहिलं.”

यादीत पुढे भर पडत गेली. पंख आणि शेपूट यांना काँक्रीटमधल्या कड्यांशी दोर बांधायचे, दोन बोटं ढील ठेवून. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. डाव्या पंखाखाली बोटभर नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या वाऱ्यावरून वेग कळतो. तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, म्हणून तिला लाल कापडाची टोपी. इंजिनाच्या दोन नाकपुड्यांत साळुंक्या गवत भरतात, म्हणून त्यांना बोळे. टोपी नि बोळे तुमच्या सकीनाभाभींनी शिवलेले, गलबताच्या शिडाच्या कापडाचे. खाऱ्या वाऱ्यासाठी गोड्या पाण्याची आंघोळ. टाकीत पाणी जमतं म्हणून टाकीच्या तळातून बाटलीभर पेट्रोल काढून उजेडात बघायचं. आणि चाकं एकाच जागी दबून चपटी होतात म्हणून दर आठवड्याला विमान हातभर सरकवायचं.

काम करायची आपली रीत ठरलेली. मी कलम वाचायचं. तुम्ही ते करून “हाय” म्हणायचं. मी खूण करायची. सगळं झालं की ‘पाहिले’मध्ये तुमची सही, ‘नोंदवले’मध्ये माझी. तुमची खोड अशी की मी कलम पुरतं वाचायच्या आत तुमचं “हाय” यायचं, तुम्ही अजून दहा पावलांवर.

“हात लावून बोला,” मी म्हणायची.

“मस्कतला पंचवीस वर्षं जंबो उभी केली मी. तुजी ही चिमनी दावं तोडून पळनार हाय काय?”

“चिमणी असो की जंबो. हात लावून बोला.”

दोन महिने हा तंटा चालला. मग एके दिवशी तुम्ही ऐकायला लागलात. मी वाचायची, तुम्ही त्या जागी जाऊन तळहात टेकवायचात, आणि मग “हाय.” मला जिंकल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी हे फोनवर मुलीला सांगितलंही, की बघ, सासष्ट वर्षांचा माणूससुद्धा शिस्तीला लागतो.

माझ्याच नियमाने तुम्हाला वाट दिली हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र तुमची नजर चांगली होती. ह्याची मी शपथ घेईन. मे महिन्यात शेडच्या दारातून तुम्ही म्हणालात, “थांब. डाव्या चाकामागं टिटवीची चार अंडी हायत.” मी जाऊन गुडघ्यावर बसले तरी मला खडीशिवाय काही दिसेना. तुम्ही काठीने दाखवलीत तेव्हा दिसली. तो विमान सरकवायचा दिवस होता.

“यादीत लिहिलंय,” मी म्हटलं. “चाक चपटं होईल.”

“मग यादी टिटवीला वाचून दाखव.”

भांडून झाल्यावर तुम्हीच तोड काढलीत. मागे सरकवायचं ते पुढे सरकवू. आपण दोघांनी ढकललं, टिटवी डोक्यावर बोंब मारत फिरली. मी रजिस्टरात लिहिलं: ‘विमान पुढे सरकवले. कारण: टिटवी.’ महिनाअखेर मालकांचा फोन आला, “ही टिटवी कोण? मला न विचारता माणसं ठेवू नका.” तुम्ही ठोकळ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. तेव्हा डोळ्यांतलं पाणी हसण्याचंच होतं.

त्यानंतरचा पावसाळा आठवताना माझं सगळं गढूळ होतं. मी नोंदी ठेवणारी बाई, आणि नेमकं हेच माझ्याकडे नोंदलेलं नाही. गणपतीनंतर तुमची स्कूटर येईनाशी झाली. विचारलं तर म्हणालात, “गुडगा.” एसटीने यायला लागलात. गेटपासून विमानापर्यंत रहाटे बरोबर यायचे. मला वाटलं गप्पांसाठी. तपासणीला वेळ जास्त लागू लागला. तुम्ही पंखावरून तळहात फिरवायचात तो इतका सावकाश, की मी पाच कलमं वाचून खोळंबायची. एकदा शेपटीजवळ तुमचा हात थांबला, मागे गेला, परत थांबला. “हिकडं बग. हा खिळा हलतो.” मला हलताना दिसला नाही. नख लावलं तेव्हा हलला. त्या महिन्यात येऊन गेलेल्या मेकॅनिकने तो बसवला आणि म्हणाला, कुणाला दिसला हा? मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं.

जानेवारीत नवं रजिस्टर काढलं. मी पट्टी घेऊन रकाने आखत होते. तुम्ही शेजारी उभे होतात, आणि तुम्हाला उभं राहून बघायची सवय नव्हती.

“बाय, ते ‘पाहिले’ कशाला लिवतेस?”

“मागच्या रजिस्टरात तेच आहे.”

“‘तपासले’ लिव.”

“नमुना ऑफिसचा आहे. मधेच मथळे बदलले की पुढचा माणूस गोंधळतो.”

“पुढचा मानूस,” तुम्ही म्हणालात. “बरं, निदान दोनी लिव.”

“इस्माईलभाई, रकाना दीड इंचाचा आहे.”

तुम्ही गेलात आणि दोर बघायला लागलात. इस्माईलभाई, तुम्ही मला सांगितलं होतंत. तुमच्या पद्धतीने, मला लागणार नाही आणि तुम्हालाही लागणार नाही अशा शब्दांत, तुम्ही खरं नोंदवून ठेवायला सांगितलं होतंत. मी पट्टीने रेघ मारली.

या उन्हाळ्यात टिटवीने पुन्हा तिथेच अंडी घातली. तुम्ही चालत आलात आणि पाऊल नेमकं त्यांच्यावर उचललंत. मी ओरडले. पक्षी तुमच्या तोंडावर आला. तुम्ही मागे सरलात आणि हसून म्हणालात, “दिसावीत म्हनून घालीतच नाय ती.” ते खरंच आहे, मलाही दिसत नाहीत. पण तुमचं तोंड पक्ष्याकडे नव्हतं, आवाज पहिल्यांदा आला तिकडे होतं. पक्षी वळून गेला तरी तुम्ही तिथेच बघत होतात.

मग मी जे केलं ते कागदात लिहिणार नाही, इथे लिहिते. जूनमधल्या एका मंगळवारी बाटलीत पेट्रोल तुम्ही काढायच्या आत मी काढलं आणि त्यात माझ्या डब्यातल्या चमच्याने दोन चमचे पाणी घातलं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं, पाणी तळाला बसतं, मधे काचेसारखी रेघ दिसते. पहिलीतल्या पोरालाही दिसेल. तुम्ही बाटली उजेडात धरलीत, कलती केलीत, नेहमीएवढाच वेळ बघितलंत.

“साफ.”

मी खूण केली. बाटली लांब नेऊन ओतली, चमचा धुतला. तुमची शाळेतल्यासारखी परीक्षा घेतली, तीही फसवून. आणि तुम्ही नापास झाल्यावर काय करायचं हे मी ठरवलेलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही बाटली उजेडात धरली नाहीत. वरचं पेट्रोल हळूच ओतून टाकलंत आणि तळाचं उरलेलं डाव्या तळहातावर घेतलंत. हात वाऱ्यात धरून उभे राहिलात. पेट्रोल उडून गेलं, तळहात कोरडा. “साफ.” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “पेट्रोल थांबत नाय. पानी थांबतं.” एवढंच. त्या दिवसापासून तुम्ही कधी बाटली डोळ्यांपुढे धरली नाहीत. जुलैत झड लागली तेव्हा ढगाळ उजेडात मला बाटली स्वच्छ दिसली आणि तुमचा तळहात ओला राहिला. आपण चार वेळा टाकी गाळली, तेव्हा पाचव्यांदा हात सुकला.

म्हणजे मंगळवारी मी काय केलं ते तुम्हाला कळलं होतं. कसं, ते मला माहीत नाही. वास आला असेल, चमचा वाजला असेल. मला कळलं आहे हे तुम्हाला कळलं, तुम्हाला कळलं आहे हे मला, आणि त्यापुढे पाच महिने आपण हवामानावर बोललो.

मी का बोलले नाही? बोललं की लिहावं लागतं. लिहिलं की मालक तुम्हाला घरी पाठवणार, दुसरा माणूस मिळणार नाही, आणि मी एकटी या विमानाबरोबर. आधी मला वाटायचं मी तुमच्या इज्जतीसाठी गप्प आहे. तेही होतं. पण खोक्यांवर बसून जेवणाऱ्या बाईचा स्वार्थही होता. मी वाट काढली ती अशी: शुक्रवारी तुम्ही नमाजाला जायचात आणि मंगळवारी जेवायला बसायचात, तेव्हा मी एकटी यादी घेऊन विमानाभोवती फिरायची आणि सगळं डोळ्यांनी बघायची. रजिस्टरात माझ्या फेरीची नोंद कुठेच नाही. तिच्यासाठी रकाना नव्हता.

तुम्ही का बोलला नाहीत, हे मला विचारायचं राहिलं. बोलला असतात तर मी चिडले असते हे खरं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता हेही मी शंभरदा म्हटलं असतं. साखर होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, हे मला तुमच्या घरी तिसऱ्या दिवशी बायकांच्या बोलण्यातून कळलं.

शेवटचा शुक्रवार. तुम्ही दोर तपासत होतात. इंजिनिअर येणार हे तोवर ठरलं होतं.

“बाय, तो इंजिनिअर इचारील तवा काय सांगशील?”

“रजिस्टर दाखवीन.”

“ते हायच.” गाठ सोडून तुम्ही परत बांधलीत. “आनि तोंडानं?”

“तोंडाने कशाला? सगळं लिहिलेलं आहे.”

“समदं?”

मी म्हटलं, कलम अकरा. तुम्ही चाकाकडे गेलात. आपला तंटा तिथे थांबला आहे. रविवारी दुपारी रहाट्यांचा फोन आला, की इस्माईलभाई जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तुम्हाला विमान उडत जायला हवं होतं. ट्रकचं नाव काढलं की चिडायचात. “मेलेलं ढोर न्यावं तसं तंगड्या वर करून नेनार? त्या दिवशी मी येनार नाय.” भाभींना घराच्या गच्चीवर उभं करून दाखवणार होतात, खाडीवरून वळून आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याच्या अंगाने वर चढताना. “मी आवाजावरनं सांगीन तिला कुठं बगायचं ते,” असं तुम्ही एकदा बोलून गेलात. मी त्या वेळी त्याचा अर्थ लावला नाही.

परवा इंजिनिअरचा फोन होता. त्याला मी काही पानांचे फोटो पाठवले होते.

“मॅडम, असं रजिस्टर मी मोठमोठ्या ठिकाणी बघितलेलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. वैमानिकही नवखा मुलगाच पाठवतोय.”

“आणि रजिस्टरावर भरवसा नसता तर?”

“तर सगळं उघडावं लागलं असतं. शेपटीच्या आतून, पंखांच्या आतून. ते तुमच्या सड्यावर होत नाही. ट्रकच. का हो?”

“काही नाही. सहज.”

मी ‘सहज’ काही विचारत नाही, हे तुम्ही असतात तर पकडलं असतं.

आज सकाळी मी एकटीनेच तपासणी केली. मीच वाचलं, मीच “हाय” म्हटलं. रहाटे लांबून बघत होते. शेवटी जवळ आले.

“मॅडम, ‘हाय’ बोलायला मी येऊ का?”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“त्यांना गेटपासून आणायचो तेवढं कळतं. वाटेत बोलायचे, रहाटे, खड्डा आला की सांग, पण सांगितल्यासारखं सांगू नको. मग मी म्हणायचो, इथं काल साप होता. की ते वळून जायचे.” रहाटे हसले. “सगळ्या धावपट्टीवर मी साप घालून ठेवले होते.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे नि म्हणून तुम्ही विचारत नाही.”

“कधीपासून?”

“तारखा तुमच्याकडं, मॅडम.”

माझ्याकडे नाहीत, इस्माईलभाई. दुपारभर दोन्ही रजिस्टरं उघडून बसले आहे. तुमची सही बघत गेले. पहिल्या पावसाळ्यात ती रेघेवर बसलेली आहे. दिवाळीनंतर थोडी वर. जानेवारीत तुम्ही पट्टी मागून घ्यायला लागलात आणि पट्टीच्या कडेने सही पुन्हा सरळ झाली. मधे असं एकही पान नाही की ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल, काल दिसत होतं आणि आज नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली अंडी हे एक टोक. जानेवारीतला रकाना हे दुसरं. मधे पूर्ण पावसाळा, आणि विमान खातो तो पावसाळाच. रंगाखाली पांढरी बुरशी धरते, पत्र्याला केसाएवढी चीर जाते, त्या गोष्टी हाताला लागतातच असं नाही. तुमचा हात माझ्या डोळ्यांपेक्षा चांगला होता हे मी कुणालाही सांगेन. पण हाताला काय लागलं नसेल, ते मला सांगता येत नाही. जूनपासून मी बघत आले आहे. त्याआधीचं कुणीच बघितलेलं नाही.

मी नेहमीसारखे दोन रकाने करून बघितले. ‘सांगितलं तर’ खाली बरंच झालं: ट्रक, तुमचं नाव, मालकांचा संताप, माझं इथे आणखी किती महिने अडकणं, भाभींची गच्ची. ‘नाही सांगितलं तर’ खाली एकच ओळ लिहून हात थांबला: वैमानिक, नवखा, समुद्रावरून जाणार. मग दुसऱ्या रकान्यात लिहायला काही उरलं नाही. त्या मुलाला मी ओळखत नाही. तो माझ्या अक्षराकडे बघून आत बसणार आहे.

तेव्हा कागद लिहिला आहे. तुम्हाला वाचून दाखवते. “खाली सही करणारी कळवते की इस्माईलभाईंची दृष्टी दिनांक” — इथे जागा सोडली आहे — “पासून अधू झाली होती. त्यानंतरची तपासणी त्यांनी हाताने केली. ती त्यांनी मनापासून केली आहे आणि हलणारा खिळा व टाकीतले पाणी हे दोन्ही त्यांच्याच हाताला सापडले आहे. ‘पाहिले’ हा मथळा चुकीचा आहे. तो बदलावा असे त्यांनी जानेवारीत सुचवले होते. मी नकार दिला. जूनपासून मला माहीत असूनही मी नोंद केली नाही. सदर दिनांकानंतर विमान डोळ्यांनी तपासलेले नाही असे समजून पुढील काम करावे.”

तुमच्यासाठी जेवढं खरं लिहिता आलं तेवढं लिहिलं. चिडला असाल तर चिडा. तुम्ही “समदं?” विचारलंत त्याचं उत्तर द्यायला मला पंधरवडा लागला.

राहिली ती तारीख. तिच्यावरून ठरेल की विमानाचा किती भाग उघडायचा. ती फक्त सकीनाभाभींना माहीत असणार. बुधवारी मी गेले होते. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच, आतल्या खोलीत बसलेल्या. त्यांनी चहा करायला लावला. म्हणाल्या, “ते बोलायचे, बाय हाय तोपर्यंत माजं काय चुकायचं नाय, ती समदं लिवून ठेवते.” मग विचारलं, “विमान कंदी जानार गो? गच्चीवर मला चढू देतील काय ह्या दिवसांत?” मी म्हटलं, बघू. चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि निघाले.

उद्या शनिवार. परवा रविवार. सोमवारी सकाळी इंजिनिअर. मधल्या वेळात खाडीकाठच्या घरी जाऊन तेरा दिवसांपूर्वी नवरा गमावलेल्या बाईसमोर बसायचं आहे आणि विचारायचं आहे, त्यांना दिसेनासं कधीपासून झालं होतं. कागद पिशवीत ठेवला आहे, पेनही. तारखेची जागा अजून कोरी आहे.